मेल टाकू का व्हॉट्सॲप करू?

परवा ऑफिसात नवीन लागलेल्या पोरीने विचारलं, ताई, इंदूरच्या पार्टीला लेजर पाठवायचंय, मेल टाकू का व्हॉट्सॲप करू? (पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक, लेजर म्हणजे त्याच्या खात्याचा उतारा.) मी म्हटलं, दोन्ही कर. बोलून तर गेले पण नंतर माझं मलाच कसंतरी वाटलं, कारण दोन्ही कर म्हणजे आपल्याला माहीत नाही असंच झालं ना ते. मी जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात अकाउंट आणि डिस्पॅच बघते, २००९ ला लागले, व्हॉट्सॲप पण त्याच वर्षी निघालं, म्हणजे आमची दोघांची सर्व्हिस सारखीच म्हणा. तेव्हा फॅक्सचा रोल संपला की ऑफिसात बोंब व्हायची. आता रोल गेला, फॅक्स गेला, बोंब तेवढी राहिली. तर त्या पोरीला जे नीट सांगायला पाहिजे होतं ते इथं लिहिते, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावर होते. ज्यांनी हे टेबल कधी पाहिलं नाही त्यांना सांगते, ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी तिथं येतो, त्याला नंबर पडतो, तारीख पडते, कोणाकडून आला, विषय काय, पुढं कोणत्या टेबलाला गेला, सगळं एका जाड रजिस्टरात चढतं, आणि बाहेर जाणाऱ्या कागदाचंही तसंच. अण्णांना रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी घरात लाईटबिल आलं की मागच्या बाजूला तारीख टाकून सही करतात. आम्ही हसतो. पण मला ईमेल खरं समजलं ते अण्णांचं रजिस्टर डोळ्यासमोर आणल्यावरच.

ईमेल म्हणजे आवक-जावक टेबलच आहे, क्लार्कच्या जागी मशीन बसलंय इतकंच. तुम्ही सेंड दाबलं की मेल थेट समोरच्याच्या फोनात उडी मारत नाही, तो आधी तुमच्या सर्व्हरवर जातो, सर्व्हर ॲटच्या चिन्हापुढचा पत्ता बघतो, समोरच्याचा सर्व्हर हुडकतो आणि त्याचं दार वाजवतो, दार बंद असेल तर थोड्या वेळाने परत वाजवतो, असं साधारण चार-पाच दिवस चालतं, आणि तरी नाही उघडलं तर परत येऊन तुम्हाला सांगतो की पत्र पोचलं नाही, आणि बऱ्याचदा कारणही सांगतो, पत्ता चुकलाय का पेटी भरलीय. ही देवाणघेवाणीची पद्धत १९८२ साली लिहून ठेवली गेली आणि अजून मूळ तीच चालू आहे. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने नेटवर्कवरून पहिला मेल पाठवला, दोन कॉम्प्युटर एकाच खोलीत शेजारी-शेजारी ठेवलेले होते, आणि माणसाचं नाव आणि मशीनचं नाव यांच्यामध्ये ॲटचं चिन्ह टाकायचं हे त्यानेच ठरवलं. त्या पहिल्या मेलमध्ये काय लिहिलं होतं ते त्याला स्वतःला नंतर आठवत नव्हतं, काहीतरी टेस्टिंगचंच होतं म्हणे. आमच्या ऑफिसातले निम्मे मेल पण तसेच असतात.

यातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मेल कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. तुमचा जीमेल असो, माझा कंपनीचा असो, आमच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या पाटीवर अजून रेडिफमेलचा पत्ता आहे तो असो, सगळे एकमेकांना पत्र टाकू शकतात, पोस्टासारखं. व्हॉट्सॲपचं तसं नाही, दोघांकडे व्हॉट्सॲपच पाहिजे, आणि ते २०१४ पासून फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, मालकीचं आहे, १९ अब्ज डॉलरला घेतलं होतं.

मेलमध्ये ते सीसी असतं ना, ते म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या काळात दोन कागदांच्या मध्ये निळा-काळा कार्बन घालायचे त्यावरून आलं. सरकारी पत्राच्या खाली 'प्रत माहितीस्तव' असतं बघा, तेच हे. म्हणजे ज्याचं नाव सीसीत आहे त्याने वाचून बाजूला ठेवायचं, उत्तर देणं त्याचं काम नाही. बीसीसी म्हणजे प्रत दिली पण बाकीच्यांना कळू दिलं नाही. हा फरक मी ठेच लागून शिकले. दाण्याचे रेट मागवायचे होते, दाणा म्हणजे चटईचा कच्चा माल, प्लॅस्टिकचा, तर मी अकरा सप्लायर एकाच मेलमध्ये 'टू' मध्ये टाकले. अकराच्या अकरा जणांना कळलं आपल्यासोबत कोण कोण आहे. दोन दिवसांनी जे रेट आले ते असे की जणू एकाच माणसाने अकरा लेटरहेडवर लिहिलेत. शेठनी काही बोललं नाही, फक्त प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवली.

आता व्हॉट्सॲप. मेल हे रजिस्टर असेल तर व्हॉट्सॲप म्हणजे ओटा. संध्याकाळी ओट्यावर बसून माणूस बोलतो तसं, अर्धी वाक्यं, हं, बरं, येतो, पाठव. आणि ओट्याचं जे काम आहे ते रजिस्टरला कधीच जमणार नाही हे पण तितकंच खरं, म्हणून मला ते 'व्हॉट्सॲप म्हणजे टाइमपास' म्हणणारे लोक पटत नाहीत. माझा मोठा भाऊ सावद्याला केळीच्या धंद्यात आहे. केळी म्हणजे असा माल की सकाळी घड कापला की घड्याळ सुरू. कोणत्या बागेत किती माल निघाला, गाडी कुठपर्यंत आली, पाऊस लागला का, घडाची भरती कशी आहे, बोर्डाचा भाव काय निघाला, हे सगळं तासाभरात ठरतं. तो बागेत चिखलात उभा राहून घडाचा फोटो टाकतो, दिल्लीचा व्यापारी तिकडून बघून सांगतो हा चालेल हा नको, दोन मिनिटांत विषय संपतो. त्याला म्हणा बरं की दादा, सब्जेक्ट लिहून रीतसर मेल टाक. तो केळीचा घडच डोक्यात घालेल.

आमच्याकडेही तसंच. सुरतेला चाललेली गाडी पारोळ्याच्या पुढं बंद पडली, ड्रायव्हरने लोकेशन टाकलं आणि बोलून पाठवलं, 'ताई, गाडी बंद पडनी, आते काय करू?' मी धुळ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला ते तसंच पुढं ढकललं, तासाभरात दुसरी गाडी लागली, माल रात्रीत त्या गाडीत पलटी केला. मेलवर हेच केलं असतं तर मेल उघडेपर्यंत गाडीत कुत्र्यांनी पिल्लं घातली असती. आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी, कोणाच्या मळ्यात, वांगी कोण आणणार, कळण्याच्या भाकरी कोणाच्या घरून, वीस माणसांचं पंधरा मिनिटांत ठरतं ग्रुपवर. मेलवर ठरवली तर उन्हाळा उजाडेल आणि तरी कोणीतरी रिप्लाय ऑल करून विचारेल की नेमकी तारीख कोणती.

म्हणजे भांडण मेल चांगला का व्हॉट्सॲप चांगलं हे नाहीच. घोळ तेव्हा होतो जेव्हा ओट्यावर बोललेलं आपण रजिस्टरात चढलं असं धरून चालतो. आमचं मरून रंगाचं प्रकरण सांगते म्हणजे कळेल.

एका पार्टीची ऑर्डर मेलवर आली, चार बाय सहाच्या चटया, चारशे बंडल, डिझाइन लाल-हिरवं. मी प्रिंट काढली, प्रॉडक्शनच्या बोर्डावर लावली, लूमवर काम सुरू झालं. इकडे तीन दिवसांनी त्या पार्टीच्या पोराने आमच्या सेल्सच्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या नंबरवर, रात्री दहाला मेसेज टाकला की हिरवा नको, मरून करा, इकडे हिरवं चालत नाहीये. आमचा माणूस लग्नात होता, हातात ताट, त्याने एक अंगठा टाकला आणि पंगतीला बसला. त्याच्या डोक्यात अंगठ्याचा अर्थ 'पाहिलं, उद्या बघतो'. पार्टीच्या डोक्यात अंगठ्याचा अर्थ 'झालं काम'. आणि तो उद्या काही उजाडला नाही, कारण खाली लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचे चाळीस मेसेज आले आणि ते सगळं वर सरकून गेलं. गाडी गेली, माल उतरला, पोराने ताडपत्री उघडली आणि फोन केला. त्या फोनवरची भाषा इथं लिहिण्यासारखी नाही. चारशे बंडल परत, येणं-जाणं दोन्ही भाडं आमच्या डोक्यावर.

मला सगळ्यात चीड कशाची आली सांगू, कोणीच खोटं बोलत नव्हतं. पार्टीने कळवलं होतं. आमच्या माणसाने पाहिलं होतं. मी बोर्डावर लावलेला कागद पण बरोबर होता, तीन दिवसांपूर्वीपर्यंत. कारखान्याला मात्र काहीच कळलं नव्हतं, कारण मेसेज कारखान्याला आलाच नव्हता, तो एका माणसाच्या खिशात आला होता.

अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या काळी अंगठा लावला की शेत जायचं, तुम्ही दिवसात पन्नास अंगठे लावता. हसण्यावारी नेलं आम्ही, पण कॅनडात अगदी हेच झालंय. तिथल्या एका धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये एका शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याचा कागद फोटो काढून पाठवला आणि लिहिलं, कन्फर्म करा. शेतकऱ्याने अंगठा टाकला. पुढं जवसाचा भाव दुपटीच्याही वर गेला, शेतकऱ्याने माल दिला नाही, म्हणाला मी फक्त कागद मिळाल्याचा अंगठा दिला होता, कबूल केलं नव्हतं. २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की तुमच्या दोघांची आधीपासूनची पद्धत बघता हा अंगठा म्हणजे सहीच, आणि शेतकऱ्याला साधारण ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. अपिलात पण तेच टिकलं. आता तो कॅनडाचा कायदा, आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, पण सौदा करणाऱ्या प्रत्येकाने तो अंगठा टाकायच्या आधी एकदा आठवावा.

आपल्याकडचं पण सांगते, कारण दुकानात बसलेला माणूस हमखास म्हणतो की व्हॉट्सॲप कोर्टात चालत नाही. चालतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीला आपल्याकडे २००० च्या आयटी कायद्यापासून मान्यता आहे, आणि करार मेल-मेसेजवर झाला एवढ्याच कारणाने तो रद्द ठरत नाही. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने तर क्रेडिट कार्डाच्या एका थकबाकीच्या केसमध्ये व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली असं धरलं, कारण निळ्या टिका दिसत होत्या आणि सोबतची फाईल उघडलेली होती. म्हणजे निळी टिक दिसली की बायको विचारते 'पाहिलंस ना मग', तसं कोर्टाने पण विचारलं.

पण चालतं म्हणजे नुसता स्क्रीनशॉट काढून वकिलाच्या हातात दिला आणि झालं, असं नाही. मोबाईल-कॉम्प्युटरमधल्या नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, कोणत्या यंत्रातून काढली, ते यंत्र कोणाच्या ताब्यात होतं वगैरे. हे आधी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये होतं, आणि मूळ यंत्रच कोर्टापुढं आणत नसाल तर हे प्रमाणपत्र लागणारच असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणुकीच्या केसमध्ये स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम ६३ झालं आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आता विचार करा, कंपनीचा मेल कंपनीच्या नावावर, सर्व्हर ठरलेला, मागितलं तर काढून देता येतं. आणि सेल्सवाल्याचा मोबाईल? तो त्याने मागच्या दिवाळीत एक्सचेंजमध्ये दिला.

हे मोबाईलचं प्रकरण माझ्या मते सगळ्यात मोठं आहे आणि लहान कारखान्यात कोणीच त्याकडे बघत नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज एकदा समोरच्याला पोचला की तो त्यांच्या सर्व्हरवर राहत नाही, तुमच्या फोनात आणि समोरच्याच्या फोनात राहतो. न पोचलेला तीस दिवस थांबतो, मग पुसला जातो. आणि २०१६ पासून मेसेजला कुलूप आहे, ज्याची चावी फक्त दोन टोकांच्या फोनांकडे, मधल्या कोणालाच वाचता येत नाही, व्हॉट्सॲपला पण नाही. ही गोष्ट चांगली, गुप्तता म्हणून तर फारच चांगली, मेलमध्ये एवढं सहसा नसतं, मेल सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतो. पण त्याच कुलपाचा दुसरा अर्थ असा की फोन हरवला आणि बॅकअप नसेल तर गेलं, कोणाकडे जाऊन मागायचं ठिकाणच नाही. आणि बॅकअप असला तरी तो त्या माणसाच्या गुगल खात्यात, आता तो फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, म्हणून पोरं बॅकअप बंद करून टाकतात, लग्नाचे फोटो बसत नाहीत म्हणून.

आमच्याकडचा एक माणूस सात वर्षं नोकरी करून गेला, चांगला माणूस, पेढे देऊन गेला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की नाशिक आणि बऱ्हाणपूर साइडच्या सगळ्या पार्ट्यांशी काय बोलणं झालं होतं, कोणाला किती दिवसांची उधारी कबूल केली होती, कोणाला दोन टक्के डिस्काउंट तोंडी म्हणजे व्हॉट्सॲपवर दिला होता, ते सगळं त्याच्यासोबत गेलं. कारण नंबर त्याचा, सिम त्याचं, फोन त्याचा. सहा महिने एकेक पार्टी म्हणत होती, आमचं तर असं ठरलं होतं. आम्ही म्हणायचो बरं. दुसरं काय म्हणणार? अण्णांच्या ऑफिसात माणूस रिटायर झाला तरी रजिस्टर टेबलावरच राहायचं.

बाकीच्या बारीकसारीक खोड्या पटपट सांगते. मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात, म्हणजे सोमवारी कबूल केलेला रेट बुधवारी गायब होऊ शकतो, मागं फक्त 'मेसेज डिलीट केला' एवढी पाटी. मेलमध्ये ही सोय नाही, जीमेलमध्ये फार तर तीस सेकंद मिळतात, नंतर बाण सुटला. फोटो म्हणून पाठवलेल्या बिलाची साइज व्हॉट्सॲप कमी करतं, मग जीएसटी नंबरमधला आठ का तीन कळत नाही, म्हणून बिल नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, फोटो म्हणून नाही. मोठी फाईल मात्र व्हॉट्सॲपवर सोपी जाते, २ जीबीपर्यंत, जीमेल २५ एमबीच्या पुढं अटॅचमेंट घेत नाही, ड्राइव्हची लिंक करून देतं. वर्षभर जुनी पीडीएफ व्हॉट्सॲपवर उघडायला गेलं तर बऱ्याचदा फोनमध्ये नसतेच, समोरच्याला परत मागावी लागते. आणि शोधायचं कसं? मेलमध्ये पार्टीचं नाव टाका, ऑर्डर नंबर टाका, सापडतं. व्हॉट्सॲपवर ज्या मेसेजमध्ये खरं ठरलेलं असतं तो मेसेज असतो 'हो'. आता 'हो' शोधून दाखवा. बोलून पाठवलेल्याची तर गोष्टच सोडा, चार मिनिटांची क्लिप, त्यात साडेतीन मिनिटं तब्येत, पाऊस आणि कापसाचा भाव, रेट शेवटच्या दहा सेकंदांत.

एवढं ऐकून वाटेल की ही बाई मेलची वकील आहे. तसं नाही हो. मेलचं एक खरं दुखणं आहे आणि ते पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही. आमच्याकडच्या निम्म्या व्यापाऱ्यांचा मेल त्यांचा स्वतःचा नसतोच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नोंदणीला ईमेल पाहिजे होता, तेव्हा कोणी सीएचा दिला, कोणी टॅक्सवाल्याकडच्या पोराचा, कोणी सायबर कॅफेत बसून नवीन बनवला आणि पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी खिशासकट धुतली गेली. अशा माणसाला तुम्ही कितीही रीतसर मेल टाका, तुमच्या सर्व्हरला वाटतं पोचला, आणि खरोखर पोचतो पण, फक्त तो उघडणारा माणूसच नाही. मेल कोणी वाचला का नाही हे खात्रीने कळत नाही, तिथं निळी टिक नसते. त्यात स्पॅमची खोली वेगळी, चांगला मेल पण कधी कधी तिथं जाऊन पडतो. आणि भाषा! 'काइंडली डू द नीडफुल'. मी इतकी वर्षं वाचतेय, ते नीडफुल नेमकं काय ते मला एकाने सांगितलेलं नाही.

चोर दोन्हीकडे आहेत, फक्त वेश वेगळा. मेलवर येतो तो सूट घालून येतो. तुमच्या सप्लायरच्या नावाने मेल, पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडं, आणि आत लिहिलेलं की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा. अशा मेलवर कितीही मोठं लेटरहेड असो, आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय रुपया हलवायचा नाही, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर तर मुळीच फोन करायचा नाही. व्हॉट्सॲपवरचा चोर घरच्यासारखा येतो, लग्नपत्रिका म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ते ॲप आहे, पत्रिका नाही, टाकलं की फोन त्याच्या ताब्यात. लग्नसराईत तर बोट लगेच जातं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावायचा.

आता रात्रीचं. मेल रात्री अकराला आला तरी सकाळी वाचला तर कोणी काही म्हणत नाही, मेलचा तो जुना मान अजून टिकून आहे. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला 'सहज आठवलं म्हणून टाकलं' असं येतं, तुम्ही चुकून उघडलं, निळी टिक झाली, की तुम्ही ड्युटीवर. शेठ वाईट नाहीत, त्यांना खरंच सहज आठवतं. पण आठवणीचं ओझं त्यांच्या डोक्यावरून माझ्या उशाशी येतं त्याचं काय. फ्रान्समध्ये २०१७ पासून यावर कायदा आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ ला आला, की कामाचे तास संपल्यावर उत्तर न देण्याचा हक्क. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पास काही झालं नाही. मी माझ्यापुरता उपाय केला, ऑफिसचा वेगळा नंबर घेतला, तो फोन संध्याकाळी सातला ड्रॉवरमध्ये. गाडी रस्त्यात असेल त्या रात्री मात्र उशाशी ठेवते, गाडीला घड्याळ कळत नाही.

माझा भाचा हिंजवडीला आहे, तो म्हणतो आत्या तुम्ही स्लॅक नाहीतर टीम्स घ्या, ऑफिसातल्या बोलण्यासाठीची ॲप आहेत ती, सगळे प्रश्न मिटतील. त्याचं अर्धं बरोबर आहे. त्यात बोलणं ओट्यासारखंच पण ओटा कंपनीच्या मालकीचा, विषयवार वेगळ्या खोल्या, नवीन माणूस आला की त्याला खोलीतलं जुनं बोलणं वाचता येतं, माणूस गेला तरी बोलणं राहतं. पण ते आपल्या आतल्या आत. आमच्या चोपड्याच्या व्यापाऱ्याला मी टीम्सवर बोलवू? तो म्हणेल, ताई, तुम्हीच इकडे या, चहा पाजतो. आणि फुकटच्या स्लॅकमध्ये नव्वद दिवसांच्या मागचं दिसत नाही, आमच्याकडे उधारीच नव्वद दिवसांची.

तर मरून प्रकरणानंतर आम्ही एवढंच केलं. बोलणं कुठंही होवो, फोनवर, ग्रुपवर, रसवंतीवर, पण रेट, साइज, रंग, तारीख आणि उधारीचे दिवस, यातलं काही ठरलं किंवा बदललं तर त्याच दिवशी चार ओळींचा मेल जातो, 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून, मराठीतच, आणि सब्जेक्टमध्ये ऑर्डर नंबर. ज्याचा मेल कोणी बघत नाही त्याला तोच मेल पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, आणि त्याच्याकडून अंगठा चालत नाही, 'मान्य' असा शब्द टाइप करून घ्यायचा. बोर्डावरचा कागद फक्त मेलवरून बदलतो. सेल्सच्या पोरांना कंपनीचं सिम दिलं. पहिला महिना सगळ्यांनी कुरकुर केली, एक पार्टी तर म्हणाली काय ताई, आता आमच्यावर विश्वास नाही का, तिला मी म्हटलं विश्वास आहे दादा, लक्षात राहत नाही. त्या पोरीलाही हेच सांगितलं शेवटी, लेजर आहे ना, म्हणजे आकडे आहेत, उद्या कोणी म्हणेल आम्हाला मिळालंच नाही, तर मेल टाक आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ टाक की मेल टाकलाय, बघून घ्या. म्हणजे उत्तर तेच निघालं, दोन्ही कर. पण आता तिला माहीत आहे का ते.

आणि ते चारशे बंडल, ते चार-पाच महिने गोडाऊनला पडून होते, मग थोडे थोडे करत आठवडी बाजारवाल्यांना घाट्यात काढले. एक बंडल शेठनी मुद्दाम ठेवून घेतलं. दुपारी डबा खायला आम्ही सगळे त्याच लाल-हिरव्या चटयांवर बसतो, आणि सेल्सचा तो माणूस रोज न चुकता कडेच्या लाल पट्ट्यावर बसतो, हिरव्यावर नाही.